अणुभट्टीच्या घुमटाचे काँक्रीट आतून शाबूत आहे, हे कसे ठरवतात?

प्रश्न: खानापूरकर

मी खानापूर तालुक्यात पाण्याच्या जुन्या टाक्यांची तपासणी करणाऱ्या एका अभियंत्यांच्या हाताखाली काम करतो. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळीवरून बळकटीचा अंदाज देणारे यंत्र) मारायचा, आकडा संशयास्पद वाटला तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा कापून काढलेला दंडगोल नमुना, काढून दाबून पाहायचा, एवढी आमची पद्धत. परवा कारवारला जाताना गाडीत कैगाच्या अणुऊर्जा केंद्राचा विषय निघाला. तेथील घुमटात ताणलेल्या केबल्सचे जाळे असते, त्यामुळे वाटेल तिथे कोअर काढता येणार नाही. मग तपासणी कशी होते? क्यूबचे (बांधताना त्याच काँक्रीटचे ठोकळे ओतून दाबून पाहतात, त्यांचे) निकाल चांगले असले म्हणजे पुरेसे नाही का?

उत्तर: टिळकवाडीचे काका

पुरेसे नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच कर्नाटकात आहे. 13 मे 1994 रोजी कैगाच्या पहिल्या अणुभट्टीच्या आतील घुमटाचा खालचा थर बांधकाम चालू असतानाच निखळला आणि शंभर टनांहून अधिक काँक्रीट खाली आले. इंधन भरलेले नव्हते, हे नशीब. वक्र केबल ताणली की ती केंद्राकडे दाब देते, तर दाबाखालचे वक्र काँक्रीट बाहेर उचलू पाहते. या दोहोंमधल्या पातळीवर जाडीच्या दिशेने, म्हणजे थर एकमेकांपासून अलग ओढणारा, ताण येतो. तिथे केबलच्या नळ्यांची गर्दी असेल आणि आडव्या थराला शिवणारी सळई अपुरी असेल, तर क्यूब कितीही भक्कम असला तरी घुमट पापुद्र्यासारखा सुटतो. पुढे घुमटाची रचना बदलून तो नव्याने बांधण्यात आला, आणि ही अणुभट्टी 2000 साली सुरू झाली.

हॅमरविषयी एक सांगतो. मानकातच त्याच्या अंदाजात 25 टक्के इकडे-तिकडे धरलेले आहे, आणि जुन्या, कार्बनीभवन झालेल्या (हवेतील कार्बन डायऑक्साइडने कठीण झालेल्या) पृष्ठभागावर तो काँक्रीटला आहे त्याहून बळकट दाखवतो. तुमच्या टाक्यांनाही हे लागू आहे.

उत्तर: शहापूरचा विद्यार्थी

सुटलेला थर शोधण्यासाठी इम्पॅक्ट-इको वापरतात. खानापूरचा कुंभार मडके टिचकी मारून पाहतो, त्याचेच हे मोजमापाचे रूप. पोलादी गोळीने ठोका दिला की लहर समोरच्या पृष्ठभागावरून परतते. लहरीचा वेग सेकंदाला 4000 मीटर धरला, तर 400 मिलिमीटर जाडीला सुमारे 5 किलोहर्ट्झ कंपने मिळतात. मध्यावरच पोकळी असेल तर आकडा जवळपास दुप्पट होतो. पापुद्रा अगदी वरचा असेल, तर मात्र तो ढोलकीच्या पुडीसारखा थरथरतो आणि आवाज बद्द येतो. अल्ट्रासोनिक चाचणीला (काँक्रीटमधून आरपार ध्वनिलहर पाठवून तिचा वेग मोजतात) शक्यतो दोन्ही बाजू मोकळ्या लागतात, हा तिचा अडसर.

खानापूरकर

मग केबलमधला ताण वर्षानुवर्षे टिकला आहे, हे कसे कळते?

उत्तर: टिळकवाडीचे काका

खरा अवघड भाग हाच. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी केबल ग्रीसमध्ये ठेवतात, त्यामुळे निवडक केबलचे टोक जॅकने उचलून ताण मोजता येतो. आपल्याकडे नळीत सिमेंटचा ग्राउट भरतात. गंजापासून संरक्षण मिळते, पण ती केबल पुन्हा मोजता येत नाही. म्हणून बांधतानाच काँक्रीटमध्ये कंपन-तारेचे विकृतीमापक (काँक्रीट किती आखडले वा ताणले, हे तारेच्या कंपनावरून दाखवणारी उपकरणे) पुरतात आणि ते वाचत राहतात. शिवाय सुरू करण्यापूर्वी संपूर्ण इमारत संकल्पित दाबाच्या 1.15 पट हवेने फुगवून भिंती किती सरकतात व दाब उतरल्यावर किती परततात, हे पाहतात. गळतीची चाचणी त्यानंतरही ठराविक काळाने होते.

मात्र मोजता येणारी केबलही निर्धास्त करत नाही. फ्लोरिडातील क्रिस्टल रिव्हर अणुऊर्जा केंद्रात 2009 मध्ये वाफजनित्र बदलण्यासाठी काही केबल सैल करून भिंतीत वाट पाडली, तेव्हा आतला थर सुटलेला आढळला. दुरुस्तीत पुन्हा तडे गेले आणि 2013 मध्ये ते केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला.

खानापूरकर

आभारी आहे, काका. आमच्या टाक्यांना केबल नाही. तरी उद्यापासून हॅमरच्या आधी साध्या हातोडीने ठोकून बद्द जागा खडूने आखून घेईन आणि कोअर तिथेच काढायला सांगेन.