विनोदी डिटेक्टिव्ह गेममधला वाह्यातपणा: हवा की नको?

उंदीर_टिचकी (धागाकर्ता)

मे महिन्यात सोलापूर भाजून निघत होतं, तेव्हा पडदे ओढून घेऊन भाच्याबरोबर 'थिंबलवीड पार्क' खेळलो. भाचा ११ वर्षांचा. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: २०१७ चा पॉइंट-अँड-क्लिक गेम (माऊसनं टिचकी मारत वस्तू गोळा करायच्या, कोडी सोडवायची), रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक या जुन्या जोडगोळीचा. नदीकाठी प्रेत सापडतं, रे आणि रेयेस हे दोन एजंट तपासाला येतात. गावात रॅन्सम नावाचा एक जोकर आहे, त्याचं दर दोन वाक्यांमागं शिवीशिवाय भागत नाही. शिवी आपल्याला ऐकू येत नाही, तिच्यावर 'बीप' वाजतो.

आई मागं शेंगा सोलत बसली होती. तासाभरानं म्हणाली, "त्या जोकराच्या वेळेलाच तुझा स्पीकर कसा रे बिघडतो?" मी गप्प. भाचा गप्प बसणाऱ्यातला नाही. पुढच्या बीपला त्यानं गाळलेली जागा भरून दाखवली, तीही तेलुगूत, बोळातल्या मागवाल्यांच्या पोरांकडून शिकलेली. आईला तेलुगू उत्तम कळतं.

तर मुद्दा. मला वाह्यात विनोदाचं वावडं नाही, तक्रार वेगळी आहे. सिनेमात पादण्याचा विनोद एकदा होतो आणि गाडी पुढं जाते. या गेममध्ये अडकलो की आपण काय करतो? खिशातली प्रत्येक वस्तू पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूवर घासून बघतो. म्हणजे तोच विनोद, त्याच आवाजात, चौदा वेळा. शब्दावरची कोटी चौथ्यांदा शिळी लागते. पादरा विनोद दुसऱ्यांदाच आंबतो. त्यात हे डिटेक्टिव्ह गेम. कुठल्या वाक्यात धागा लपलाय सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकायचं. आणि कान देऊन ऐकल्यावर निघतो नुसता ढेकर.

माझं मत: वाह्यातपणा कोड्यात गुंफलेला असेल तर खुशाल असू दे. वरून शेव भुरभुरल्यासारखा असेल तर काढून टाका.

(विचारण्यात स्वार्थ आहे. तो नंतर सांगतो.)

---

गड्ड्यातला_भोंगा

काय बोलायलास बे! जोकरानं शिव्या द्यायच्या नाहीत तर काय हरिपाठ म्हणायचा?

अरे, डिटेक्टिव्ह म्हटलं की लांब कोट, तिरकी टोपी, पाऊस, सिगारेट आणि 'या शहराला कुणाची दया नाही' असला घोगरा आवाज. त्या सोंगाला जमिनीवर आणायला ढेकरच लागतो. १९९३ चा 'सॅम अँड मॅक्स हिट द रोड' घे. कुत्रा आणि ससा, दोघं हौशी पोलीस. कमिशनरचा हुकूम येतो, पण तो घेऊन येणाऱ्या मांजरानंच गिळलेला. मग मॅक्स त्याच्या घशातून आत हात घालून हुकूम बाहेर ओढतो. घाण आहे? आहे. कोडं आहे? तेही आहे. पहिल्या पाच मिनिटांतच गेम सांगून मोकळा होतो की इथं हात बरबटणार, सोवळं सोडून या.

---

उंदीर_टिचकी

@भोंगा, अरे तू माझीच बाजू मांडलीस की. मांजराच्या पोटात हात घालणं हीच तिथली चाल आहे. ते काढलं तर गेम पुढं सरकतच नाही.

---

गड्ड्यातला_भोंगा

मग धागा कशाला काढलास? झोप की.

---

शेंगाचटणी

झोपू नका, मला बोलायचंय.

इथं दोन गोष्टींची मिसळ झाली आहे. पादणं, ओकणं, शेंबूड, मांजराचं पोट हा एक वाह्यातपणा. यात अपमान कुणाचाच नाही, शरीर सगळ्यांनाच आहे. दुसरा असतो कुणाला तरी खाली पाडून केलेला. धागाकर्त्यानं 'कोड्यात गुंफलेला असेल तर चालेल' म्हणून दुसऱ्यालाही आत घेतलंय, आणि तिथंच माझं भांडण आहे.

'लेझर सूट लॅरी', १९८७, बायका पटवत फिरणाऱ्या लॅरीचा गेम. लॅरी डिटेक्टिव्ह नाही हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला येऊ नका. पण या घराण्यातल्या चावटपणाचा मूळपुरुष तोच. त्यात वाह्यातपणा कोड्यात इतका गुंफलाय की वेगळा काढताच येत नाही. एका बाईला गुलाब दे, मिठाई दे, अंगठी दे. म्हणजे बाई हे कुलूप आणि खिशातली वस्तू ही किल्ली. तुमच्या कसोटीवर हे पैकीच्या पैकी मार्कांनी पास होतं. मग कसोटीतच खोट आहे ना?

पोटात हात घातलेल्या मांजरापेक्षा ही किल्ली मला जास्त किळसवाणी वाटते.

---

जुनी_मिल

लॅरीचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं.

मी २४ वर्षांचा होतो. नव्या पेठेजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथं रात्रीच्या बॅचनंतर सर हळूच फ्लॉपी काढायचे. लॅरी सुरू होण्याआधी वय विचारतो, आणि आपण खोटं बोलत नाही ना हे तपासायला प्रश्न घालतो. प्रश्न अमेरिकेतल्या राजकारणाचे, तिथल्या टीव्हीचे, जे तिथल्या मोठ्या माणसालाच माहीत असावेत असे. आम्ही सहा जण, सगळे मिशा फुटलेले, दोघांची लग्नं झालेली, एकाला मुलगी. सगळ्यांनी डोकं लावलं. गेमनं आम्हाला लहान ठरवून हाकलून दिलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी पुण्याहून आलेल्या एकानं सांगितलं की आल्ट आणि एक्स एकदम दाबा, प्रश्न उडतात.

शेंगाचटणीताई, तुमचं म्हणणं पटतं, पण एक बघा. त्यात हसं होतं ते लॅरीचंच. पांढरा सूट घातलेला चाळिशीचा घोडा, त्याला कुणी विचारत नाही. काळजी न घेता भलतं धाडस केलं तर रोग होऊन मरतो. हे लिहिणारा अल लोव त्याआधी शाळेत संगीत शिकवायचा, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

आणि आपण सोलापूरकरांनी चावटपणाला नाक मुरडावं? राम जोशी याच गावचा. कीर्तनकाराच्या घरचा ब्राह्मण, लावण्या रचत तमाशात उतरला. सोंगाड्याच्या जिभेला हाड नसतं म्हणून तर लोक बैलगाड्या जुंपून यायचे.

---

शेंगाचटणी

काका, तमाशाचा दाखला येणार हे ठाऊकच होतं. :)

पण सोंगाड्या चावट बोलतो ते दुहेरी. एक अर्थ नेहमी सोवळा असतो. पुढं बसलेली आजी तो सोवळा अर्थ घेते, मागच्या रांगेतला तिचा नातू दुसरा घेतो, आणि दोघंही आपापलं हसतात. दादा कोंडक्यांचं सगळं दुकान यावरच चाललं. ऐकणाऱ्याला पळवाट ठेवणं ही त्या कलेतली सभ्यता. शिवाय सोंगाड्यासमोर माणसं बसलेली असतात. एखादा बाण वाया गेला की तो तिथल्या तिथं बोलणं वळवतो. गेममधला विनोद रेकॉर्ड केलेला. तो चौदाव्यांदाही त्याच उत्साहानं येतो. इथं मात्र धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत.

आणि मावशीचं सोंग पुरुषच काढतो, तिच्यावर हसायचं की तिच्याबरोबर, हा वेगळा धागा होईल.

अवांतर: तीन दिवस प्रयत्न केला हे वहिनींना माहीत आहे का? (हलके घ्या.)

---

तिसरी_पाळी

माझा विरोध दोघांनाही.

'विनोद कोड्यात हवा' आणि 'विनोद कुणाला खाली पाडणारा नको', या दोन्ही कसोट्यांत शिवी ही मिठासारखी मोजूनमापून टाकायची वस्तू धरली आहे. डिटेक्टिव्ह गेममध्ये शिवी हाच माग असू शकतो. २०१९ चा 'डिस्को एलिझियम' बघा. झाडाला लटकलेलं प्रेत, खाली कूनो नावाचं बारा वर्षांचं पोरगं, प्रेताला दगड मारतंय आणि तोंडातून गटार वाहतंय. सुरुवातीला हसू येतं. मग आपला डिटेक्टिव्ह त्या प्रेताजवळ जातो आणि ओकतो. तेही हसण्यावारी नेता येतं. पण तपास पुढं सरकतो तसं कूनोच्या घरात काय चाललंय ते कळत जातं, आणि मग आधीची प्रत्येक शिवी परत आठवते. त्या पोरानं नीट भाषा वापरली असती तर मला काही कळलंच नसतं.

त्याची शिवी कुठलंही कुलूप उघडत नाही. लोकांना खाली पाडते, भरपूर पाडते. तरी तिच्यावर कात्री चालवली तर तपास लंगडा होईल.

---

गड्ड्यातला_भोंगा

तो आरपीजी आहे, रोल-प्लेइंग गेम. धाग्याचा विषय पॉइंट-अँड-क्लिक.

---

तिसरी_पाळी

माऊसनं टिचकी मारतो, पात्र चालत जातं, वस्तू बघतो, माणसांशी बोलतो. तुला अजून काय पाहिजे, सातबारा?

---

गड्ड्यातला_भोंगा

बरं, ते सोड. शेंगाचटणीताईंना एक विचारतो. 'सॅम अँड मॅक्स'चेच २००६ चे भाग २०२० मध्ये नवा रंग देऊन परत काढले. काढताना काही विनोद गाळले, काही बदलले, बॉस्को नावाच्या दुकानदाराचा आवाजसुद्धा बदलला. चौदा वर्षांपूर्वी हसलेल्या लोकांना आता सांगायचं की तुम्ही चुकीचं हसलात? माझं लई डोकं फिरलं होतं.

---

शेंगाचटणी

तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही. ज्यांनी नव्यानं काढले त्यांत मूळ भागांवर काम केलेलीच माणसं होती. आपली वही आपणच खोडली. वयाच्या पंचविशीत मारलेले टोमणे चाळिशीत मीही परत मारत नाही. एका काळ्या दुकानदाराचं सोंग आता काळ्या कलाकाराच्या आवाजात आलं, यात तुमचं नेमकं काय गेलं?

---

गड्ड्यातला_भोंगा

आवाजाचं सोडून देतो. गाळलेल्या विनोदांचं सोडणार नाही.

---

उंदीर_टिचकी (धागाकर्ता)

शेंगाचटणी, लॅरीच्या बाबतीत तुम्ही मला चीत केलंत. 'कोड्यात गुंफलेला' एवढंच पुरत नाही, मान्य. १९९० च्या 'मंकी आयलंड'मधली तलवारबाजी माझ्या डोक्यात होती. तिथं जिंकायचं ते टोमण्याला नेमका प्रतिटोमणा मारून, आणि त्यात अर्वाच्य शब्द एकही नाही. अपमान हीच चाल, पण दोघांच्या हातात तलवार. लॅरीसमोरच्या बाईच्या हातात काही नसतं. फरक तिथं असावा.

आता रॅन्समकडं परत. भाच्याबरोबर गेम संपवल्यावर एक लक्षात आलं. रॅन्समनं एका जादूटोणेवालीचा भर सर्कशीत अपमान केला, तिनं शाप दिला, म्हणून त्याच्या तोंडावरचा रंग जन्मभर उतरत नाही. वाह्यातपणाची किंमत त्यानं मोजलेली आहे. म्हणून तो मला सहन होतो. पुढं त्याच गेमवाल्यांनी बीप काढून टाकणारी जोडणी वेगळे पैसे घेऊन विकली. मी घेतली. हाती आल्या नेहमीच्याच इंग्रजी शिव्या. आपल्याकडं पुस्तकात फुल्या छापतात ना, तसंच आहे. फुल्यांच्या जागी काय आहे हे वाचणारा ठरवतो, आणि तो लेखकापेक्षा नेहमी जास्त चावट असतो. भाच्याच्या तेलुगू शब्दापुढं तो जोकर म्हणजे बालवाडी.

आता स्वार्थ. मी आणि मावसभाऊ मिळून 'अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ'वर छोटा गेम करतोय. बंद पडलेल्या मिलमधला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, साठी ओलांडलेला. होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलाय, एका स्टॉलवरून एक चादर चोरीला जाते आणि हा तपासाला निघतो. माणूस पूर्वभागातला, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, तीन भाषा बोलणारा. त्याच्या तोंडी शिवी नसेल तर सोलापुरात कुणी विश्वास ठेवणार नाही. शिवी घातली तर आईला दाखवता येणार नाही. फुल्या छापता येतात, पण त्या ऐकू कशा येणार?

---

जुनी_मिल

बीप घालू नका. माग घाला.

गल्लीत पॉवरलूम चालू असतात. तुमचा जॉबर तोंड उघडतो, नेमकं मोक्याच्या शब्दाला शेजारच्या कारखान्याचा खटखट-खटखट वर चढतो. शब्द संपला की आवाज खाली.

---

शेंगाचटणी

काका, हे भारी आहे!! आणि कोडंही निघतं यातून. वीज गेली की माग बंद पडणार. मग म्हातारा काय करणार? जपून बोलणार. म्हणजे साक्षीदाराकडून खरं काढायचं असेल तर आधी डीपीवरचा फ्यूज काढावा लागेल.

---

गड्ड्यातला_भोंगा

किंवा मुद्दाम चालू ठेवावी लागेल. शिवी दिल्याशिवाय काही माणसं तोंडच उघडत नाहीत बे.

---

तिसरी_पाळी

एकच अडचण. माझे वडील आणि चुलते दोघंही मागावर होते. त्या खटखटाटात ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून मागावरची माणसं ओठ वाचतात. शिवी दडपली जाणार नाही. पूर्वभागातला कुणीही गेम खेळेल तो म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून शब्द सांगेल.

---

उंदीर_टिचकी (धागाकर्ता)

पात्राचं तोंड चार पिक्सेलचं आहे. उघडं आणि मिटलेलं, दोनच चित्रं.

---

तिसरी_पाळी

मग तिसरं काढ. ओठ मिटून एकदम उघडल्याचं. 'भ' तेवढ्यात कळतो.