मदत हवी आहे: ॲरिझोनात सीटीईच्या (शाळेतल्या व्यवसायशिक्षणाच्या) फीवर स्टेट टॅक्स क्रेडिट मिळतं का?

नमस्कार मंडळी,

ॲरिझोनात राहणाऱ्या पालकांकडून माहिती हवी आहे. आमची लेक पब्लिक हायस्कूलमध्ये सीटीईतून नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करतेय. फार मनापासून करतेय, घरी आजीचं बीपी आता तीच बघते.

पब्लिक शाळेला दिलेल्या ठरावीक फीवर फॉर्म ३२२ भरून स्टेट टॅक्समध्ये क्रेडिट (म्हणजे भरायच्या टॅक्समधूनच थेट वजावट) घेता येतं. एकट्याला २०० डॉलरपर्यंत, नवरा-बायकोच्या जॉइंट रिटर्नला ४०० पर्यंत. सीटीईच्या इंडस्ट्री सर्टिफिकेशन परीक्षेची फी त्यात चालते, इथपर्यंत कळलं. घोडं अडलंय ते पावतीवर. परीक्षा, स्क्रब्ज (नर्सिंगचा गणवेश), स्टेथोस्कोप, सगळं एकाच रकमेत लिहिलंय. शाळा म्हणते सीपीएला (इथले सीए) विचारा, सीपीए म्हणतात शाळेला विचारा!

अशा एकत्र पावतीवर कोणी क्रेडिट घेतलंय का? स्क्रब्ज आणि स्टेथोस्कोपचे पैसे धरता येतात, की फक्त परीक्षेचे? शाळेकडून फोड करून पावती मागितली तर देतात का? १५ एप्रिलपर्यंत दिलेले पैसे मागच्या वर्षात धरता येतात, म्हणून जरा घाई आहे. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा. तिच्या वर्गातल्या बाकीच्या पालकांनाही उपयोग होईल, त्यातल्या बऱ्याच जणांना असं क्रेडिट असतं हेच माहीत नाही.