कारची विमा कंपनी ३ लाखांत मिटवा म्हणतेय, घ्यावेत का?

सायली_वडगाव:
धाकट्या भावासाठी विचारतेय. वय ३४, स्वतंत्रपणे इलेक्ट्रिशियनची कामं घेतो, महिन्याला साधारण २५,००० सुटतात. चार महिन्यांपूर्वी कात्रज-देहूरोड बायपासवर कारने मागून स्कूटरला धडक दिली. नडगीचं हाड मोडलं, आत रॉड आहे, अजून काठीशिवाय चालता येत नाही. एफआयआर सहा दिवसांनी झाली. डिस्चार्ज कार्डवर 'दुचाकीवरून पडून दुखापत' एवढंच लिहिलंय, कारचा उल्लेखच नाही. हेल्मेट नव्हतं. बिल २.८ लाख झालं, त्यातले २ लाख मेडिक्लेमने दिले. आता कारच्या विमा कंपनीचा माणूस ३ लाखांवर सही करा म्हणतो. चार्जशीट अजून आलेलं नाही.

दावा_प्राधिकरण:
ताई, सही करू नका. 'फुल अँड फायनल'वर एकदा सही झाली की पुढे प्रत्येक ठिकाणी तोच कागद समोर येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे न बघताच गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. म्हणजे कंपनी त्याच्या फक्त ५० हजार वर जातेय.

मात्र मुदतीकडे बघा. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत भरपाईचा अर्ज करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्या हातात दोन महिने आहेत.

चार्जशीटसाठी थांबायची गरज नाही, ते नंतरही दाखल करता येतं. अर्ज शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात, मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे. कारचा मालक, चालक आणि विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले करा. पॉलिसी अपघाताच्या तारखेला चालू होती का ते गाडीच्या नंबरवरून एमपरिवहन ॲपवर दिसतं. आत्ता लागेल ते: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, कारची आरसी, चालकाचं लायसन्स, डिस्चार्ज कार्ड, बिलं, भावाचं आधार, पॅन आणि बँक पासबुक.

२०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाला द्यायचा असतो. चार महिने झालेत, म्हणजे तो जायला हवा होता. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन प्रत मागा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी विचारलं तर 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' हेच ऐकायला मिळेल.

ऑर्थो_कागदपत्र:
मला या प्रकरणात सगळ्यात जास्त काळजी त्या डिस्चार्ज कार्डची वाटते. भरती करताना सोबत आलेला माणूस घाईत 'गाडीवरून पडला' सांगतो, निवासी डॉक्टर तेच लिहितो, आणि दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील त्यावरच उभा राहतो: कारचा संबंध नाही, स्कूटर आपोआप घसरली. त्यात एफआयआर उशिरा, म्हणजे कार नंतर घुसवली असा आरोप ठरलेला. उशीर एवढ्याने दावा पडत नाही, पण कारण पटण्यासारखं हवं. ऑपरेशन झालं, घरचे दवाखान्यात अडकले होते, हे भरतीच्या तारखांसकट अर्जातच मांडा.

जुन्या कागदावर खाडाखोड करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, त्याने उलटंच होतं. दवाखान्याचे पूर्ण केसपेपर आणि एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या दुखापतीच्या केसची) नोंद मागा. कार्डवर नसलेला उल्लेख तिथे बऱ्याचदा असतो. १०८ ची ॲम्ब्युलन्स आली असेल तर तिची नोंदही. सर्वांत वजनदार कागद आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल: कारचा पुढचा बंपर आणि स्कूटरची मागची बाजू, दोन्हींचं नुकसान जुळलं की कार्डवरच्या त्या एका ओळीचा जोर ओसरतो. सीसीटीव्ही फुटेज पोलिसांनी तेव्हाच घेतलं असेल तरच. दुकानांच्या रेकॉर्डरवर चार महिने काही टिकत नाही.

हेल्मेटचं म्हणाल तर दुखापत पायाला आहे. हेल्मेट असतं तरी नडगी मोडलीच असती, त्यामुळे सहभागी निष्काळजीपणाचा (जखमीचीही चूक धरून भरपाई कापायचा) मुद्दा इथे टिकायला नको.

आकडेमोड_कोथरूड:
आता रक्कम. वर्षाचं उत्पन्न ३,००,०००. स्वतंत्र व्यवसाय आणि वय ४० च्या आत, म्हणून भविष्यातील वाढ ४० टक्के (प्रणय सेठी निकाल, २०१७): ४,२०,०००. वय ३१ ते ३५ ला गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा, १६ (सरला वर्मा निकाल, २००९): ६७,२०,०००. कमाईची क्षमता २० टक्के गेली असं धरलं तर १३,४४,०००. जखमीच्या दाव्यात वैयक्तिक खर्चाची वजावट होत नाही. यावर औषधोपचार, बुडालेले महिने, सांभाळणाऱ्याचा खर्च, प्रवास, वेदना आणि पुढे रॉड काढायचं ऑपरेशन. त्या ऑपरेशनचा अंदाज सर्जनकडून लेखी घ्या.

सगळं अडतं त्या २० टक्क्यांवर. प्रमाणपत्रात 'पायाचं ४० टक्के अपंगत्व' असलं तर ते पूर्ण शरीराचं नव्हे, आणि दोन्ही आकडे म्हणजे कमाईतली घट नव्हे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालाप्रमाणे त्या माणसाचं काम काय, हे बघायचं. टेबलावर बसणाऱ्याला हाच पाय १० टक्क्यांचा, शिडीवर चढून वायरिंग करणाऱ्याला त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून प्रमाणपत्र हाड पूर्ण जुळल्यावरच घ्या, शक्यतो ऑपरेशन केलेल्या सर्जनकडून, आणि ते साक्षीला येतील का हे आधी विचारा. डॉक्टर उलटतपासणीला उभे राहिले नाहीत तर कागदाला फारशी किंमत उरत नाही.

२५,००० चा पुरावा? आयकर विवरणपत्र, यूपीआयच्या जमा दाखवणारं बँक स्टेटमेंट, वायरमनचा परवाना, सोसायट्यांना दिलेली बिलं. यातलं काहीच नसेल तर प्राधिकरण अंदाजाने कमी आकडा धरतं आणि वरचं सगळं गणित खाली येतं.

सायली_वडगाव:
मेडिक्लेमचे २ लाख वजा होणार ना? आणि एक वकील मिळणाऱ्या रकमेच्या २५ टक्के मागतायत.

दावा_प्राधिकरण:
नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे की मेडिक्लेमची रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून कापायची नाही, कारण हप्ता जखमीने स्वतः भरलेला असतो. पूर्ण २.८ लाख मागा. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील, तर दवाखान्याकडून सही-शिक्क्याच्या प्रती घ्या.

टक्केवारीवर फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. ठराविक रक्कम टप्प्याटप्प्याने देण्याचं बोला, आणि दवाखान्याच्या दारात भेटलेल्या मध्यस्थामार्फत तर मुळीच नको. भरपाई थेट भावाच्या बँक खात्यावर येते, तेव्हा कोऱ्या चेकवर सह्याही देऊ नका.

व्याज लवकरात लवकर अर्जाच्या तारखेपासून सुरू होतं, म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज अडवू नका. आधी दाखल करा, प्रमाणपत्र मागाहून. कमी रक्कम लिहिली तरी प्राधिकरण मागणीपेक्षा जास्त देऊ शकतं. मिटवायचंच असेल तर लोकअदालत आहे, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. प्रमाणपत्र हातात आल्यावर, वरचं गणित कागदावर घेऊनच तिथे बसा.