जीन फॅमिली: कुल, कुटुंब की घराणे?

कुसळ: अनुवादात वाक्य आलंय: 'गवत कुलात ग्राही-कायनेज कुल विस्तारले.' पहिलं कुल वनस्पतींचं, दुसरं जनुकांचं, म्हणजे इंग्रजीतली 'जीन फॅमिली': एका पूर्वज-जनुकापासून आलेली जनुकं. (ग्राही-कायनेज म्हणजे बाहेरचा संकेत ओळखून पेशीत दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं प्रथिन.) दुसऱ्याला काय म्हणावं?

पारंबी: कुटुंब. वनस्पतिशास्त्रात 'कुल' आधीच अडकलेलं आहे.

अनुस्वार: कुटुंब एका छपराखाली नांदतं. ही जनुकं गुणसूत्रभर विखुरलेली. त्यांना जोडतो तो पूर्वज. 'जनुककुल' असा समास करा, घोळ मिटेल.

पारंबी: विखुरलेली सगळीच नाहीत हो. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यात ग्राही-कायनेज सहाशेच्या वर, भातात हजाराच्या वर. त्यातली बरीच वाढ लगतच्या द्विरुक्तीने झालेली, म्हणजे प्रती शेजारी-शेजारी. सिस्टीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेल्या, म्हणजे सिस्टीनबहुल ग्राही-कायनेजांची मोठी रांग अरॅबिडॉप्सिसच्या ४ नंबरच्या गुणसूत्रावर आहे.

अनुस्वार: द्विरुक्ती व्याकरणातली. इथे 'द्विगुणन'.

तिरफळ: द्विगुणन म्हटलं की अख्खा जीनोम दुप्पट झाल्यासारखं वाटतं, आणि ती वेगळी घटना आहे. मला 'घराणे' पटतं, कारण घराण्यात सून बाहेरून येते. सीडीपीके हे कॅल्शियमवर चालणारं कायनेज बघा: कायनेजला कॅल्मोड्युलिनसारखा (कॅल्मोड्युलिन म्हणजे कॅल्शियम धरणारं प्रथिन) तुकडा कायमचा जोडलेला, त्यात कॅल्शियम धरणारे चार ईएफ-हँड नावाचे कप्पे. म्हणूनच वंशवृक्ष काढताना फक्त कायनेज डोमेनचे, म्हणजे प्रथिनातल्या फॉस्फेट जोडणाऱ्या भागाचे, २५०-३०० अमिनो आम्ल घ्यावेत. पूर्ण प्रथिनं जुळवली तर अशा जोडलेल्या शेपट्यांच्या साम्यावरून फांद्या चुकतात.

कुसळ: मग कुलातली जनुकं मोजायची कशी? यादीत 'मृत कायनेज', म्हणजे फॉस्फेट न जोडणारी, असाही रकाना आहे.

तिरफळ: आधी प्रत्येक जनुकाचं एकच प्रथिन ठेवा, नाहीतर एकाच जनुकाची पर्यायी रूपं वेगवेगळी मोजली जातात. मग पीफॅम या प्रथिन-डोमेनांच्या संग्रहातल्या दोन्ही कायनेज प्रोफाइलांनी (डोमेन ओळखायच्या साच्यांनी) शोध घ्या. एकाच प्रथिनात दोन कायनेज डोमेन दिसले तर थांबा: शेजारच्या दोन प्रती जीनोममध्ये जनुकं कुठे आहेत ते खुणावणाऱ्या भाष्यकार प्रोग्रॅमने एकत्र शिवलेल्या असू शकतात. शेवटी कायनेज डोमेनच्या दुसऱ्या उपडोमेनमधलं (उपभागातलं) लायसीन, आणि एचआरडी व डीएफजी या तीन-तीन अमिनो आम्लांच्या ठरावीक जुळण्यांमधले दोन्ही अ‍ॅस्पार्टेट तपासा; ती नसली तर कायनेज बहुधा मृत. तिथे लायसीन नाही म्हणून डब्ल्यूएनके ही कायनेजं मात्र यादीतून कापू नका. त्यांचं लायसीन पहिल्या उपडोमेनमध्ये सरकलेलं असतं.

अनुस्वार: आणि 'मृत' का? 'छद्म' म्हणा.

पारंबी: छद्म म्हणजे सोंग. बीआयआर२ हे असंच ग्राही-कायनेज एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) धरत नाही, पण बीएके१ या दुसऱ्या, चालू ग्राही-कायनेजला अडवून ठेवतं. यात सोंग कुठलं?

अनुस्वार: मृताने अडवणं जास्त चमत्कारिक.

तिरफळ: 'निष्क्रिय'?

पारंबी: निष्क्रिय तर चालू कायनेजही असतं, फॉस्फेट लागेपर्यंत.