किंबो स्लाइसचं काय झालं ते आठवा
'रस्त्यावर मारामाऱ्या करणाऱ्यापुढे रिंगमधला खेळाडू टिकणार नाही, कारण तिथे नियम नसतात' असं बरेच जण म्हणतात, पण हा मुद्दा मला अर्धाच पटतो. नियम नसले तरी दम लागतोच. न शिकलेला माणूस पहिल्याच मिनिटात श्वास रोखून, सगळा जोर लावून हात फिरवतो; हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. शिकलेल्याला असे ठोसे लांबूनच दिसतात, कारण सरावात त्याने याहून वेगवान ठोसे रोज खाल्लेले असतात. जमिनीवर पडल्यावर तर न शिकलेल्याचं काय होतं ते विचारूच नका.

किंबो स्लाइस रस्त्यावरच्या मारामारीच्या व्हिडिओंमुळेच गाजला. अंगापिंडाने दांडगा गडी. २००८ मध्ये एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाच्या) लढतीत ऐनवेळी बदली म्हणून उतरलेल्या सेथ पेट्रुझेली या व्यावसायिक खेळाडूने त्याला १४ सेकंदांत हरवलं. (आणि तोवर किंबोने रीतसर प्रशिक्षणही घेतलं होतं!)

मात्र चाकू निघाला किंवा समोर तिघे-चौघे आले, तर चॅम्पियननेही सरळ पळावं. शिवाय गुंड बोलता बोलता, काही कळायच्या आत पहिला फटका मारतो. त्याची खरी धार तीच, आणि बहुतेक जिममध्ये त्याची तयारी करून घेत नाहीत.