माँटेसरी निवडताना नक्की काय बघायचं?

सईची आई: मुलगी अडीच वर्षांची आहे, दोन शाळा बघून आलो, दोन्हीकडे पाटीवर माँटेसरीच लिहिलंय पण एकीकडे सगळी मुलं ओळीत बसून एका सुरात एबीसीडी म्हणत होती. मग खरी माँटेसरी, म्हणजे मुलांना साधनं हाताळत आपापल्या गतीने शिकू देणारी शाळा, ओळखायची कशी?

मीरा: अगं नाव कोणीही लावू शकतं, त्यावर कोणाची मालकी नाहीये. वर्ग चालू असताना तासभर बसून बघ. ३ ते ६ वयाची मुलं एकत्र आहेत का, साधनं त्यांच्या हाताला येतील अशा बुटक्या कपाटात आहेत का, आणि मुख्य म्हणजे सलग तीनेक तास मुलांना आपापलं काम करू देतात का ते विचारच. ताईंचं ट्रेनिंग कुठे झालंय तेही.

आर्यनचे बाबा: मीराताईंना अनुमोदन. आम्ही गेलो तेव्हा एक चिमुरडी गुलाबी मनोरा रचत होती, १० ठोकळे असतात, सगळ्यात छोटा १ सेंमीचा, तो चारदा पडला तरी ताई मध्ये पडल्या नाहीत, पाचव्यांदा तिने स्वतःच बसवला. तिथेच आमचं ठरलं.

सईची आई: थँक्यू दोघांना! दुसऱ्या शाळेत वर्ग बघायला सोमवारची वेळ मागितलीये.