घड्याळासाठी नव्हे, माउंटसाठी

पोर्शे गाड्यांच्या ‘स्पोर्ट क्रोनो’ या जादा पैसे देऊन घ्यायच्या पॅकेजमध्ये डॅशबोर्डवर लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ मोजणारे घड्याळ मिळते. ‘डॅशबोर्डवरच्या घड्याळासाठी एवढे पैसे मोजणे ही उधळपट्टी आहे’, असे काही जण म्हणतात. हे मत मला अर्धेच पटते. पोर्शेच्या ९११ या स्पोर्ट्स कारच्या ९९१ या पिढीत स्पोर्ट क्रोनो पॅकेजसोबत डायनॅमिक माउंट, म्हणजे गरजेनुसार घट्ट किंवा सैल होणारे इंजिनाचे आधार, येतात, जे वेगाने वळताना घट्ट होऊन मागच्या जड इंजिनाचे हेलकावे आवरतात. हा फायदा एकही लॅप न मोजता मिळतो.

निव्वळ वेळ मोजायची असेल, तर मात्र वेगळा जीपीएस टायमर, म्हणजे गाडीचे स्थान सतत नोंदवून लॅपची वेळ मोजणारे छोटे उपकरण, घ्यावा. ताशी १८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ५० मीटर जाते. सेकंदाला एकदाच स्थान नोंदवणाऱ्या मोबाइलमध्ये दोन नोंदींत एवढी मोठी फट राहते, तर पंचवीसदा नोंदवणाऱ्या टायमरमध्ये ती दोन मीटरवर येते. शिवाय गाडी विकली तरी तो आपल्याकडेच राहतो.

कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारमधला रेकॉर्डर लॅपच्या व्हिडिओवरच वेग आणि वेळ उमटवतो. असा पर्याय मिळाला, तर मी तो आनंदाने घेईन. नाशिकहून ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट किंवा चेन्नईचा रेसट्रॅक गाठायचा म्हणजे लांबचा प्रवास, त्यामुळे ट्रॅकवरच्या मोजक्या फेऱ्यांत ब्रेक कुठे लवकर दाबला गेला, हे घरी बसून शांतपणे पाहता येणे मला फार मोलाचे वाटते.